वेळेसाठीचा जीपीएस अँटेना गच्चीवर कुठे आणि कसा बसवावा

नुसतं संगणकाचं घड्याळ जुळवायचं असेल तर अँटेना खिडकीत ठेवा आणि पुढचं वाचू नका. नॅनोसेकंद (सेकंदाचा अब्जावा भाग) मोजायचे असतील तर ‘लॉक मिळाला, म्हणजे रिसीव्हरने उपग्रह पकडले, की झालं’ हा नेहमीचा सल्ला विसरा. एका नॅनोसेकंदात सिग्नल 30 सेंटीमीटर जातो. भिंतीवर आपटून 3 मीटर जादा फिरून आलेला सिग्नल 10 नॅनोसेकंद उशिरा पोचतो.

जागा. जीपीएस उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी 55 अंश कललेल्या आहेत. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणीच्या आकाशात थेट उत्तरेला क्षितिजापासून साधारण 40 अंशांच्या खाली जीपीएसचा एकही उपग्रह येत नाही. दक्षिणेला मात्र ते पार क्षितिजाजवळ उतरतात. म्हणून दक्षिण, पूर्व, पश्चिम मोकळी हवी. जिन्याची खोली किंवा पाण्याची टाकी उत्तरेला असली तरी आड येत नाही. पण दक्षिणेचा सिग्नल तिच्यावरून उलटा फिरतो, म्हणून दोन-तीन मीटर अंतर सोडा आणि अँटेना तिच्या माथ्याहून वर घ्या. सोलर हीटरच्या मागे, म्हणजे उत्तरेला, अँटेना कधीच नको. पत्र्याखाली तर नकोच. आंब्याची ओली पानंही सिग्नल खातात.

केबल. आरजी-58 या अँटेनाच्या नेहमीच्या केबलमध्ये मीटरला सुमारे 5 नॅनोसेकंद उशीर होतो. 20 मीटर केबलचे 100 नॅनोसेकंद रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये भरा.

स्थाननिश्चिती. सगळी माती होते ती इथे. वेळेच्या रिसीव्हरला स्वतःची जागा ठाम माहीत असली, तर एका उपग्रहावरही तो वेळ देतो. घाईत लोक मोबाइलच्या नकाशावरची उंची टाइप करतात. ती समुद्रसपाटीपासूनची असते, बेळगावात 750 मीटरच्या आसपास. बरेच रिसीव्हर मागतात ती डब्ल्यूजीएस-84 लंबगोलावरची (जीपीएस पृथ्वीचा जो गणिती आकार धरतं त्यावरची) उंची, आणि ती आपल्याकडे 60 मीटरहून अधिक कमी भरते. म्हणजे डोक्यावरच्या उपग्रहासाठी 200 नॅनोसेकंदांची चूक! क्षितिजाजवळच्या उपग्रहाला तीच चूक फारशी जाणवत नाही, त्यामुळे उपग्रह बदलतील तशी वेळ हलते आणि दोष बिचाऱ्या रिसीव्हरला जातो.

आकडे टाइप करूच नका. रिसीव्हरचं ‘सर्व्हे-इन’, म्हणजे स्वतःची जागा सरासरीने मोजून ठरवणं, पूर्ण 24 तास चालवा. दहा मिनिटांचा सर्व्हे पुरतो म्हणणाऱ्यांचं ऐकू नका: उपग्रहांची मांडणी 23 तास 56 मिनिटांनी पुन्हा तशीच येते, म्हणून एवढा फेरा पूर्ण झाल्यावरच परावर्तनाच्या चुका बऱ्याच अंशी सरासरीत विरतात. मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर असेल तर सूर्यास्तानंतर आयनमंडल (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) खवळतं. त्या काळात सर्व्हे 48 तास ठेवा. नंतर क्षितिजापासून 15 अंशांखालचे उपग्रह रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये वगळा.

पावसाळा. जोडांवर सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप गुंडाळा, केबल आत शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळेल. वळवाच्या विजांसाठी सर्ज अरेस्टर (विजेचा लोट जमिनीत वळवणारं उपकरण) आणि अर्थिंग हवंच.

मृगाआधी कौलं परतताना गवंड्याने अँटेना हातभर जरी सरकवला, तरी सर्व्हे पुन्हा करा.