पानाची रुंदी ओळीवरून ठरवा, स्क्रीनवरून नाही

रुंदीचा प्रश्न स्क्रीनपासून सोडवायला घेतला की उत्तर दर काही वर्षांनी बदलतं. ८०० × ६०० च्या काळात ७६० पिक्सेल हे उत्तर होतं. १०२४ × ७६८ आल्यावर ते ९६० झालं. स्तंभ ६० चा आणि अंतर २० चं असे नेटके आकडे देत ९६० चे बारा स्तंभ पडतात, म्हणून तो आकडा बराच टिकला. २०१० मध्ये वेब-रचनाकार इथन मार्कॉट यांनी ‘रिस्पॉन्सिव्ह’ (पडद्यानुसार बदलणाऱ्या) रचनेची मांडणी केली आणि एकच ठरावीक रुंदी हा विचार मोडीत निघाला. तरीही ‘हे संकेतस्थळ १०२४ × ७६८ मध्ये उत्तम दिसेल’ अशी तळटीप आजही अधूनमधून भेटते. ती वाचून कोणी आपली स्क्रीन बदलत नाही.

इथे उदाहरण घेऊ मजकूरप्रधान मराठी संकेतस्थळाचं: साप्ताहिक, दिवाळी अंक किंवा बातम्या. मध्ये लेख आणि बाजूला ३०० पिक्सेलची पट्टी, कारण ३०० × २५० ही जाहिरातीची चौकट सर्रास वापरली जाते. सीएसएसची (पानाची मांडणी सांगणाऱ्या भाषेची) नावं खाली देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.

रिझोल्यूशनचा आकडा फसवा असतो

१५.६ इंची फुल एचडी लॅपटॉपचं रिझोल्यूशन १९२० × १०८० असतं. पण अशा लॅपटॉपवर विंडोजचं स्केलिंग बहुधा १२५ टक्के ठेवलेलं असतं. मग ब्राउझरला मिळतात १५३६ सीएसएस पिक्सेल, म्हणजे मांडणीत मोजले जाणारे पिक्सेल. १५० टक्के असेल तर १२८०. त्यातून विंडोजवरची स्क्रोलपट्टी १५ ते १७ पिक्सेल खाते आणि खिडकी पूर्ण उघडलेली असेलच असंही नाही. फोनचंही तसंच. डबीवर १०८० × २४०० छापलेलं असलं तरी ब्राउझरच्या हिशेबात तो फोन ३६०, ३९३ किंवा ४१२ रुंद असतो. आपल्याला हा दुसरा आकडा हवा. कोणत्याही यंत्रावर तो पाहायचा तर ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (डेव्हलपर टूल्समधली आज्ञा लिहायची जागा) ‘विंडो डॉट इनरविड्थ’ लिहा. स्क्रोलपट्टी वगळून हवा असेल तर ‘डॉक्युमेंट डॉट डॉक्युमेंटएलिमेंट डॉट क्लायंटविड्थ’.

फोनवर हा हिशेब लागू होण्यासाठी एचटीएमएलच्या हेडमध्ये व्ह्यूपोर्टचा, म्हणजे पानाच्या दिसणाऱ्या चौकटीचा, मेटा टॅग हवाच: विड्थ बरोबर डिव्हाइस-विड्थ, इनिशियल-स्केल बरोबर १. तो नसेल तर बहुतेक मोबाइल ब्राउझर पान ९८० पिक्सेलचं धरून मांडतात आणि मग आकसून दाखवतात. फोनवर अक्षरं मुंगीएवढी दिसू लागली की आधी हा टॅग तपासा. त्यातच ‘युजर-स्केलेबल नो’ लिहून वाचकाचा झूम मात्र बंद करू नका.

ओळीची लांबी

इंग्रजीत ओळीला ४५ ते ७५ अक्षरं असा जुना मुद्रणसंकेत आहे. मराठीला तो जसाच्या तसा लावता येत नाही. ‘ष्ट्रा’ पडद्यावर एक अक्षर दिसतं, पण युनिकोडच्या मोजणीत ती सहा चिन्हं असतात. वरच्या-खालच्या मात्रा रुंदी घेत नाहीत, काना घेतो. म्हणून चिन्हं मोजण्यापेक्षा शब्द मोजा. खरा लेख ओता (‘लोरेम इप्सम’ नको, त्यातून मराठीचं काहीच कळत नाही) आणि एका ओळीत १० ते १३ शब्द बसेपर्यंत स्तंभ कमी-जास्त करा. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट १८ पिक्सेलला घेतला तर सुरुवात ३६ एमपासून (एक एम म्हणजे अक्षर-आकाराएवढं माप) करायला हरकत नाही. म्हणजे ६४८ पिक्सेल.

‘सीएच’ हे एकक इथे टाळलेलं बरं. ते शून्याच्या रुंदीवर चालतं, आणि फॉन्टच्या यादीत रोमन फॉन्ट पहिला असेल तर शून्य त्याचं मोजलं जातं. मजकूर मुक्तात आणि माप दुसऱ्याच फॉन्टचं, असा घोळ होतो.

ओळींमधलं अंतर १.७ च्या आसपास ठेवा. १.४ वर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. मजकूर मावत नाही म्हणून किंवा मथळा ‘ऐसपैस’ दिसावा म्हणून लेटर-स्पेसिंग मात्र वापरू नका. शिरोरेषा अक्षराअक्षरात तुटते आणि पान उसवल्यासारखं दिसतं.

आता बेरीज

लेख ६४८, मधलं अंतर ४०, पट्टी ३००, दोन्ही कडांना २४-२४. एकूण १०३६. हीच मुख्य वेष्टनाची, म्हणजे सगळं आत घेणाऱ्या चौकटीची, मॅक्स-विड्थ (कमाल रुंदी). विड्थ १०० टक्के, मार्जिन-इनलाइन ऑटो, आणि बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स. हे शेवटचं विसरलं तर पॅडिंगचे (कडांच्या मोकळ्या जागेचे) ४८ पिक्सेल रुंदीत वरून मिळवले जातात आणि छोट्या पडद्यावर पान आडवं सरकू लागतं. १३६६ च्या लॅपटॉपवर स्क्रोलपट्टी वजा जाता १३४९ उरतात, म्हणजे दोन्ही बाजूंना सुमारे १५६ ची मोकळी जागा. ती भरायची हुक्की येते. भरू नका.

पिक्सेलऐवजी रेम (पानाच्या मूळ अक्षर-आकाराचं, सहसा १६ पिक्सेलचं, एकक) वापरा: १०३६ म्हणजे ६४.७५ रेम, १८ म्हणजे १.१२५ रेम. ज्याने ब्राउझरचा अक्षर-आकार वाढवून ठेवला आहे त्याच्याकडे अक्षरांबरोबर पानही वाढतं आणि ओळीतली शब्दसंख्या साधारण तीच राहते.

ग्रिडचे (सीएसएसच्या जाळीसारख्या मांडणीचे) स्तंभ लिहिताना लेखाचा नुसता ‘१ एफआर’ (उरलेल्या जागेचा एक भाग) नको, ‘मिनमॅक्स शून्य, १ एफआर’ लिहा. नुसत्या एफआरची किमान रुंदी आतल्या मजकुरावर ठरते. लेखात एखादी लांबलचक वेबपत्त्याची ओळ किंवा रुंद तक्ता आला की स्तंभ फुगतो आणि पट्टी पडद्याबाहेर ढकलली जाते. फ्लेक्स या दुसऱ्या मांडणीपद्धतीत हेच काम आतल्या घटकाला ‘मिन-विड्थ शून्य’ देऊन होतं. जोडीला लेखाला ‘ओव्हरफ्लो-रॅप एनीव्हेअर’ द्या, म्हणजे पत्ता मध्ये तुटू शकेल.

पट्टी खाली कधी न्यायची

७६८ टॅबलेटसाठी, १०२४ लॅपटॉपसाठी, असे मांडणी बदलण्याचे ठोकळेबाज टप्पे सोडा. खिडकी हळूहळू अरुंद करत जा आणि लेख कुठे गुदमरतो ते पाहा. १०२४ वर लेखाला ६३६ मिळतात, ठीक आहे. २८ एमच्या, म्हणजे ५०४ च्या खाली ओळ फार तोकडी होते. ५०४ अधिक उरलेले ३८८ म्हणजे ८९२. तेव्हा टप्पा ५६ एमवर, म्हणजे ८९६ वर ठेवा. मीडिया क्वेरीतला (रुंदीनुसार नियम बदलणाऱ्या अटीतला) एम ब्राउझरच्या मूळ अक्षर-आकारावर, सहसा १६ वर, मोजला जातो. तुम्ही एचटीएमएल घटकाला दिलेल्या आकाराशी त्याचा संबंध नसतो.

इथे हमखास चूक होते. पट्टी खाली गेल्यावर ८९५ च्या खिडकीत लेख एकदम ८४७ रुंद होतो, म्हणजे मोठ्या पडद्यापेक्षा लांब ओळी. म्हणून लेखालाही स्वतंत्र ३६ एमची मॅक्स-विड्थ हवी. ती लेखाच्या वेष्टनाला द्या. परिच्छेद आणि मथळ्यांना वेगवेगळी दिली तर प्रत्येकाचा अक्षर-आकार वेगळा असल्याने कडा जुळत नाहीत.

फोनवर कडा १६-१६ करा. ३६० मधून ३२८ उरतात, ओळीत सहा-सात शब्द. मराठी शब्द प्रत्ययांनी लांबतात (‘विद्यार्थ्यांसाठीच्या’), त्यामुळे इतक्या ओळीत जस्टिफाय (दोन्ही कडा जुळवणं) लावलं की शब्दांमध्ये भगदाडं पडतात. डावीकडूनच जुळवा. मेनूही याच कारणाने इंग्रजीपेक्षा आधी दोन ओळींत मोडतो. त्याचा टप्पा लेखाच्या टप्प्याशी बांधायची गरज नाही.

तक्त्यांना वेगळी वागणूक द्या. शेतमालाचा बाजारभाव घ्या: जात, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. हे ३२८ मध्ये मावणार नाही. तक्त्याभोवती ‘ओव्हरफ्लो-एक्स ऑटो’ असलेलं वेष्टन घाला. तक्ता सरकेल, पान नाही.

चित्रं आणि फार मोठे पडदे

६४८ च्या स्तंभासाठी दुप्पट घनतेच्या पडद्यावर सुमारे १३०० रुंदीचं चित्र लागतं. ४८०, ८०० आणि १३०० अशा तीन प्रती चित्राच्या टॅगमधल्या सोर्ससेटमध्ये द्या. त्याच टॅगच्या सायझेसमध्ये चित्र किती रुंद दिसेल ते सांगा: ५६ एमपर्यंत खिडकीची पूर्ण रुंदी, पुढे ६४८. सायझेस गाळलं तर ब्राउझर चित्र खिडकीभर आहे असं धरतो आणि डेस्कटॉपवर विनाकारण मोठी फाइल उतरवतो.

२५६० च्या पडद्यावर शीर्षपट्टीचा रंग कडेपर्यंत जाऊ द्या, आतला मजकूर १०३६ मध्येच राहू द्या. कडेपर्यंत नेताना ‘१०० व्हीडब्ल्यू’ (खिडकीच्या रुंदीचे शंभर टक्के) टाळा. त्यात स्क्रोलपट्टीची जागाही मोजली जाते, त्यामुळे विंडोजवर पान पंधराएक पिक्सेल आडवं सरकतं. मॅकवर सहसा तरंगती स्क्रोलपट्टी असते म्हणून तिथे काम करणाऱ्याला हा दोष दिसतच नाही. शीर्षपट्टी वेष्टनाच्या बाहेर ठेवा आणि १०० टक्के द्या.

तपासणी

डेव्हलपर टूल्स उघडून कंट्रोल-शिफ्ट-एम दाबा. ३२०, ३६०, ४१२, ७६८, ८९५, ८९७, १०२४, १२८०, १५३६ आणि १९२० या रुंदींवर पाहा. टप्प्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा, दोन्ही आकडे मुद्दाम घेतले आहेत. ३२० चा फोन आता विरळा, पण डब्ल्यूसीएजी २.१ चा (संकेतस्थळं सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांचा) १.४.१० हा निकष त्याच रुंदीवर आडवं सरकणं नको म्हणतो, कारण १२८० ची खिडकी ४०० टक्के झूम केली की ३२० च उरते. कमी दिसणारे वाचक असंच वाचतात.

पान आडवं सरकत असेल तर सगळ्या घटकांना तात्पुरती एक पिक्सेलची लाल आउटलाइन द्या. बाहेर डोकावणारा घटक लगेच सापडतो. बॉर्डर देऊ नका, ती स्वतःच मापं बदलते. दोषी शोधायचा सोडून बाहेरच्या वेष्टनाला ‘ओव्हरफ्लो-एक्स हिडन’ लावलं तर सरकणं थांबेल, पण आतली चिकटून राहणारी शीर्षपट्टी चिकटायची बंद होईल आणि कापला गेलेला मजकूर वाचकाला कधीच दिसणार नाही.