‘उदास’ हा शब्द कसा वापरावा

‘उदास’ आणि ‘उदासीन’ या शब्दांचे मूळ एकच आहे. संस्कृतातील ‘उद्’ हा उपसर्ग आणि ‘आस्’, म्हणजे बसणे, हा धातू मिळून दूर, अलिप्त बसण्याचा अर्थ होतो. मराठीत मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या असून लिहिताना नेमकी येथेच गफलत होते. तापीकाठच्या एखाद्या गावात वादळाने ऐन घडावर आलेली केळीची बाग आडवी झाली, तर शेतकरी उदास होतो. पंचनाम्याला कोणी फिरकलेच नाही, तर यंत्रणा उदासीन आहे असे म्हणावे. पहिल्या शब्दात आनंद हरवलेला असतो, दुसऱ्यात आस्थाच नसते.

‘उदास’ हे विशेषण लिंगवचनानुसार बदलत नाही: उदास मुलगा, उदास मुलगी, उदास मुले. ते माणसाप्रमाणेच जागेला आणि वेळेलाही शोभते, म्हणून लेक सासरी गेल्यावर घर उदास वाटते. उन्हाळ्यातल्या ओसाड माळाला मात्र ‘भकास’च म्हणावे.

दुःखाचे कारण ठळक असेल तर ‘खिन्न’ अधिक नेमका ठरतो. ‘खेद’ हा त्याच धातूपासून आला आहे. ‘विषण्ण’ त्याहून जड असून, गीतेच्या पहिल्या अध्यायाच्या नावातील ‘विषाद’ त्याच कुळातला आहे. त्यात ‘ष’नंतर ‘ण्ण’च येतो, ‘विषन्न’ लिहू नये. रुसलेल्या पोरासाठी हे शब्द कशाला, तेथे ‘हिरमुसला’ पुरेसा आहे.