भक्कम बचाव फोडायचा कसा? कॉलेज कबड्डी संघासाठी चढाईचं नियोजन

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत दरवर्षी एखादा संघ निव्वळ बचावावर पुढे जातो. दोन्ही कोपरे (कडेचे गडी) घट्ट, मधली साखळी (हात धरून उभे असलेले गडी) न तुटणारी, चढाईवाला आत आला की तिघं-चौघं एकदम अंगावर. अशा संघासमोर बहुतेक कॉलेजं आपला सगळ्यात तगडा गडी पुन्हा पुन्हा पाठवतात. तो दोनदा धरला जातो, बाहेर बसतो आणि थोड्याच वेळात लोण चढतो, म्हणजे सगळा संघ बाद होतो. ताकद कमी पडली असं सगळे म्हणतात, पण खरी चूक वेगळी असते. चांगला बचाव तुमच्या घाईवर जगतो. तो थांबतो, तुम्हाला खोल येऊ देतो आणि आपल्या सोयीच्या क्षणी उठतो. ती सोय त्याला मिळू द्यायची नाही, यासाठी सगळं नियोजन करायचं.

नावाजलेले चढाईपटूही बचावापुढे अडकतात, याचं उदाहरण 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतलं. 1990 पासून सलग सात सुवर्णपदकं जिंकलेला भारतीय पुरुष संघ उपांत्य फेरीत इराणकडून 27-18 असा हरला. फझल अत्राचली या इराणी बचावपटूच्या त्या संघाच्या बचावाचे व्हिडिओ मुलांना दाखवा. पकडीपेक्षा पकडीआधीचे दोन-तीन सेकंद बघायला सांगा.

आधी अंतरं पाठ करा

पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदान रेषा (चढाईत ओलांडावीच लागणारी) 3.75 मीटरवर आणि बोनस रेषा (ओलांडली की जादा गुण देणारी) त्यापुढे 1 मीटर, म्हणजे 4.75 मीटरवर. महिलांसाठी हेच आकडे 3 आणि 4 मीटर. आता हिशोब बघा. धरलेला चढाईपटू मध्यरेषेकडे हात लांब करून आडवा पडला, तर पायापासून बोटांपर्यंत साधारण सव्वादोन मीटर भरतात. बोनस रेषेवर घोटा सापडला तर उरलेलं अडीच मीटर अंतर अंगावरचे गडी ओढत कापावं लागतं. भक्कम संघासमोर ते जमत नाही. निदान रेषेजवळ पकड झाली तर दीडच मीटर उरतं आणि एका जोरदार उसळीत हात रेषेला लागू शकतो.

म्हणून नियम असा ठेवा: हात किंवा पाय लावायला जायचं ते निदान रेषेच्या आसपास. त्यापुढे फक्त बोनससाठी जायचं, तेही पाय टेकवून लगेच मागे. बोनस रेषेवर रेंगाळून हात मारायचा मोह हाच या संघांचा सगळ्यात मोठा आधार असतो.

बचाव वाचायची वही

समोर येणाऱ्या संघाचा एक तरी पूर्ण सामना आधी बघायलाच हवा. मोबाईल अंतिम रेषेच्या मागे, जमेल तितक्या उंचावर धरा. बाजूने काढलेल्या व्हिडिओत गडी एकमेकांआड लपतात आणि साखळी कुठे सुटते ते दिसत नाही. वहीत प्रत्येक चढाईला एक ओळ द्या: त्या वेळी बचावात किती जण होते, चढाई कोणत्या बाजूने झाली, पहिला कोण उठला, कशावर उठला, पकड कोणती होती, मदतीला दुसरा कोण आला. डावा-उजवा लिहिताना नेहमी बचाव करणाऱ्याचा डावा-उजवा धरा, नाहीतर सामन्याच्या दिवशी सूचना उलट्या होतात.

यातला ‘कशावर उठला’ हा रकाना सोन्याचा. कोपरा कधी पाय पुढे आला की झेपावतो, कधी चढाईवाल्याने मान दुसरीकडे वळवली की, तर कधी तो परत फिरायला लागला की. बहुतेक कोपऱ्यांची एकच ठरलेली खूण असते आणि कॉलेजच्या वयात ती लवकर बदलत नाही. पाय बघून उठणाऱ्या कोपऱ्याला पाय नुसता दाखवायचा. वजन मागच्या पायावर ठेवून पुढचा पाय अर्धा फूट सरकवा आणि ओढून घ्या. तो झेपावला की जमिनीजवळ आडवा होतो. त्या क्षणी त्याच्या खांद्याला हात लावून निघून जाता येतं. मान बघून उठणाऱ्याला मुद्दाम पाठ द्या आणि उलटी लाथ तयार ठेवा.

दुसरा महत्त्वाचा माणूस म्हणजे मदतीला येणारा. कोपऱ्याने घोटा धरला की त्याचा हात धरून शेजारी उभा असलेला गडी, म्हणजे इन, हात सोडतो आणि कव्हर (इन आणि मधला सेंटर यांच्यामधला गडी) धावून ब्लॉक किंवा धक्का देतो. हा कव्हर उशिरा येत असेल, तर कोपरा कितीही चांगला असला तरी मधल्या बाजूने सुटायची वाट उघडी असते. तो वेळेवर येत असेल, तर त्याच्या बाजूला पूर्ण चढाई करूच नका. तिथे फक्त धाक दाखवा आणि गुण दुसऱ्या बाजूने घ्या.

किती जण उभे आहेत, त्यावर खेळ ठरतो

सात जण असताना बचाव सहसा 2-3-2 असा (दोन्ही बाजूंना दोन-दोन, मधे तीन) उभा राहतो, सहा असताना 2-2-2, पाच असताना 2-1-2. सहा किंवा सात जण असतील तेव्हाच बोनस मिळतो. त्यामुळे सामन्याची सुरुवात बोनसने करावी हे खरं, पण इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. बोनसच्या गुणाने आपला बाद गडी उठत नाही. मुख्य चढाईपटू बाहेर बसलाय आणि दुसरा गडी तीन बोनस घेऊन टाळ्या मिळवतोय, तर फलक हलतो, पण संघ दुबळाच राहतो. मुख्य गडी बाहेर असेल तेव्हा पुढच्याने स्पर्शच करायचा. गडी बाद झाले त्याच क्रमाने उठतात, म्हणून मुख्य गडी कितवा बसलाय हे बाकावरच्या माणसाने मोजत राहावं. तो तिसरा असेल तर एका स्पर्शाने काही होणार नाही.

बोनस घेताना मागचा पाय स्पष्ट उचला. आपल्या स्पर्धांत व्हिडिओ रिव्ह्यू नसतो, पंचाला दिसलं तेवढंच खरं. पाय घासत नेला आणि बोनस नाकारला गेला, तर वाद घालण्यात लय जाते.

पाच जण उरले की बोनस बंद होतो आणि मधे एकटा सेंटर उरतो. धावत हात मारून परतण्यासाठी हा सगळ्यात चांगला काळ. सेंटरला हात लावून मधूनच परत फिरा. कडेने परतू नका, कारण धक्का बसून राखीव क्षेत्राबाहेर (मैदानाच्या कडेच्या पट्टीबाहेर) जाण्याचे प्रकार कडेनेच होतात.

तीन किंवा कमी गडी उरले की त्यांच्या पकडीला एक जादा गुण मिळतो. भक्कम बचावाचा संघ इथूनच सामना फिरवतो. समोर तीनच आहेत म्हणून नवख्याला पाठवायचं नाही. इथे मुख्य गडीच जावा, आणि तोही एका वेळी एकच स्पर्श घ्यायच्या बेताने. तिघं 2-1 असे उभे असतील तर एकट्याच्या बाजूला जा. लोणाचे दोन गुण तीन चढायांत आले तरी चालतील, एकाच चढाईत तिघांना उडवायचा प्रयत्न करू नका.

साखळी लागायच्या आत

भक्कम बचावाविरुद्धचं सगळ्यात कमी वापरलं जाणारं हत्यार म्हणजे पाठोपाठची चढाई. त्यांचा चढाईपटू आपल्याकडून परत फिरला की त्यांचे कोपरे पुढे सरकलेले असतात, हात सुटलेले असतात, तो स्वतः आपल्या जागेकडे पाठ फिरवून चाललेला असतो. त्याने रेषा ओलांडताच आपला गडी मागोमाग आत गेला, तर साखळी जुळायच्या आत हात लागतो. यासाठी पुढची चढाई कोणाची हे आधीच ठरलेलं असावं आणि तो गडी बचावात मध्यरेषेच्या जवळ उभा असावा. एरवीही पुढची चढाई पाच सेकंदांत करावी लागते. एकमेकांकडे बघण्यात ते सेकंद गेले तर समोरचा बचाव आरामात जागेवर बसतो.

हे सामन्यात दर चढाईला करू नका. चार-पाच संथ चढाया आणि मग एकदम एक पाठोपाठची, असा मेळ ठेवा.

डुबकीबद्दल, म्हणजे बचावाच्या हातांखालून वाकून निसटण्याबद्दल थोडं. चढाईपटू परदीप नरवालमुळे प्रत्येक पोराला डुबकी मारायची असते. ती चालते कुठे, तर कव्हरची साखळी छातीच्या उंचीवर अंगावर येते तिथे. खाली बसून मांडी धरणाऱ्या बचावासमोर डुबकी म्हणजे आपणहून मान देणं. वहीत पकडीची उंची पाहूनच ती ठेवायची की काढायची ते ठरवा.

तीन आठवड्यांचा सराव

पहिल्या आठवड्यात राखीव गड्यांना प्रतिस्पर्ध्याची नक्कल शिकवा. कोपरा त्याच खुणेवर उठला पाहिजे, कव्हर तितक्याच वेळाने आला पाहिजे. ही नक्कल बरोबर झाली तर पुढचे दोन आठवडे सार्थकी लागतात. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक चढाईपटूच्या रोज 15 चढाया घ्या: पाच फक्त निदान रेषा ओलांडून सुखरूप परत येण्याच्या, पाच बोनसच्या, पाच स्पर्शाच्या. तिसऱ्या आठवड्यात सुटकेचा सराव. सुरुवातच घोटा धरलेल्या अवस्थेत करायची. धरलेला पाय सरळ मागे ओढला की पकड आणखी आवळते. आधी गुडघा वाकवून धरणाऱ्याकडे किंचित झुका, त्याचे हात सैल पडले की कंबर मध्यरेषेकडे वळवा आणि मग झटका देऊन झेप घ्या. रोज प्रत्येकाने दोन्ही पायांनी पाच-पाच वेळा करावं.

आपल्याकडची मोठी अडचण मॅटची. गेवराई असो, वसमत असो की उदगीर, सराव मातीवर होतो आणि वरच्या फेरीत मॅट समोर येते. मातीवर पाय थोडा घसरतो आणि वळण आपोआप मोठं होतं. मॅटवर बूट जागीच अडकतो, वळण झटक्यात होतं आणि सवय नसलेल्याचा घोटा मुरगळतो. पकडणाऱ्यालाही मॅटवर पाय रोवता येतो, त्यामुळे मातीवर सुटणारा गडी तिथे सुटत नाही. स्पर्धेआधी तीन-चार दिवस तरी जवळच्या मॅटवर सराव मिळवा, आणि बूट सामन्याच्या दिवशी नवे काढू नका. काळ्या मातीचं मैदान असेल तर पावसानंतर दोन दिवस त्यावर चढाईचा सराव नकोच, पायाला चिकटलेल्या गोळ्यांनी गुडघे जातात. त्या दिवसांत वर्गात बसून व्हिडिओ बघा.

तिसऱ्या चढाईचा सापळा

सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. हा नियम आपल्या स्पर्धेत लागू आहे का, हे सामन्याआधी पंचांना विचारून घ्या. लागू असेल तर भक्कम बचाव तुम्हाला मुद्दाम तिसऱ्या चढाईपर्यंत आणतो, कारण तेव्हा तुम्हाला आत यावंच लागतं. यावर उपाय म्हणजे गुण दुसऱ्या चढाईतच शोधायचा. पहिली चढाई रिकामी, निरीक्षणाची. दुसऱ्या चढाईला समोर सहा-सात जण असतील तर बोनसवाला पाठवा. तरीही तिसरी आलीच तर मुख्य गड्याला जपा आणि दुसऱ्या क्रमांकाच्या गड्याला पाठवा. तो गेला तरी हाताशी मुख्य गडी राहतो. अपवाद एकच, समोर चार किंवा कमी जण असतील तर मुख्य गडीच जावा.

शेवटची तीन मिनिटं

पिछाडीवर असाल तर घड्याळाचा हिशोब आधीच करून ठेवा. आघाडीवरचा संघ प्रत्येक चढाईचे पूर्ण 30 सेकंद खाणार. तुम्ही 10 सेकंदांत परत आलात तर एक फेरी 40 सेकंदांची. 180 सेकंदांत तुमच्या वाट्याला चार, फार तर पाच चढाया. पाच गुणांची पिछाडी असेल तर एकेका स्पर्शाने ती भरून निघणं अवघड. मग यातल्या दोन चढाया तरी साखळीवर, म्हणजे जोडीने हात धरलेल्या कोपरा-इनवर करा, कारण एकाला खेचलं की दुसराही हाताच्या टप्प्यात येतो. राखून ठेवलेला टाइमआउट इथे वापरा, तोही त्यांची चढाई संपल्यावर आणि आपली सुरू व्हायच्या आधी. त्या 30 सेकंदांत मुलांना तीनच गोष्टी सांगा: समोर किती जण उभे आहेत, चढाईला कोण जाणार, कोणत्या बाजूला.