सोलापुरातून सरकारी गुंतवणूक निधीपर्यंत कसे पोहोचावे

सरकारी गुंतवणूक निधी नवउद्योजकाच्या हाती बहुधा मध्यस्थांमार्फत येतो, आणि मध्यस्थ जिथे बसतो तिथल्या कल्पना त्याला आधी दिसतात. सोलापुरात नवे यंत्र घडवू पाहणाऱ्याने अर्ज भरण्यापूर्वी हे समजून घ्यावे. केंद्र सरकारने २०१६ साली १०,००० कोटी रुपयांचा ‘फंड ऑफ फंड्स’ उभारून त्याचा कारभार सिडबी या लघुउद्योगांसाठीच्या सरकारी बँकेकडे सोपवला. पण त्यातून एकाही स्टार्टअपला थेट पैसे मिळत नाहीत. सेबी या भांडवली बाजाराच्या नियामक संस्थेकडे नोंदलेल्या खासगी निधींना त्यातून वाटा मिळतो आणि घेतलेल्या रकमेच्या किमान दुप्पट रक्कम त्यांनी स्टार्टअपमध्ये गुंतवावी, अशी अट असते. त्यामुळे सरकारी पैशामागे खासगी पैसाही येतो, हे खरे. मात्र निवड करणारी मंडळी बहुतांशी मुंबई, बंगळूरु आणि दिल्लीत आहेत.

म्हणून सुरुवात तिथून करू नये. २०२१ सालच्या ९४५ कोटींच्या सीड फंड योजनेची रचना आपल्यासारख्या शहराला अधिक सोयीची आहे, असे माझे मत आहे. तिच्यात इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नवउद्योगांना आधार देणाऱ्या संस्थेमार्फत, नमुना तयार करण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान, तर बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय कर्जरोख्यांची तरतूद आहे. अर्ज करताना स्टार्टअपला केंद्राची मान्यता हवी आणि कंपनी स्थापन होऊन दोन वर्षांहून अधिक काळ झालेला नसावा. तेव्हा प्राथमिक चाचण्या होण्याआधी कंपनीच्या नोंदणीची घाई करू नये.

खरी मेहनत चाचणीची नोंद ठेवण्यात आहे. समजा, टॉवेलच्या यंत्रमागावर ताण्याचा (उभा) धागा तुटताच माग थांबवणारे स्वस्त उपकरण आपण बनवले आहे. धागा तुटूनही माग चालत राहिला, तर टॉवेलवर उभी रेघ उमटते आणि तो नग ‘सेकंड’, म्हणजे कमी प्रतीच्या, मालात जातो. अक्कलकोट रस्त्यावरच्या एखाद्या कारखानदाराला विनंती करून, कोणत्या पाळीत कोणत्या मागावर किती नग सेकंडमध्ये गेले, हे महिनाभर वहीत लिहावे; मग उपकरण बसवून त्याच मागांवर आणखी महिनाभर लिहावे आणि दोन्ही नोंदींखाली कारखानदाराची सही घ्यावी. सोलापूरच्या पूर्व भागातल्या जॉबर मंडळींनी, म्हणजे मागांची देखभाल करणाऱ्या कारागिरांनी, माग सुधारण्यासाठी केलेल्या कितीतरी युक्त्या कागदावर न आल्याने त्यांच्याबरोबरच विरून गेल्या, याची मला मनापासून खंत वाटते.

अनुदान टप्प्याटप्प्याने मिळते, म्हणून प्रत्येक टप्पा मोजता येईल असा लिहावा: इतके माग, इतके दिवस, सेकंड मालात इतकी घट. या पैशातून जागा किंवा इतर सुविधा उभारता येत नाहीत, त्यामुळे गाळ्याचा खर्च अर्जात धरू नये. कर्जरोखे पुढे समभागांत बदलू शकतात. आपल्या मालकीचा किती हिस्सा जाईल, हे सही करण्याआधी सनदी लेखापालाकडून समजून घ्यावे.

अर्जात पसंतीक्रमाने तीन इन्क्युबेटर देता येतात. त्यांतला किमान एक वस्त्रोद्योग जाणणारा निवडावा, अर्ज स्वीकारणे सुरू आहे का हे त्याच्याकडे आधी विचारावे आणि भेटीला जाताना ती वही सोबत न्यावी.