कामावर भरवशाचा माणूस कसे व्हावे

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्याच्या कारखान्यात, जालन्याच्या स्टील उद्योगात किंवा लातूरच्या आडत दुकानात नव्याने लागलेल्या तरुणाकडून सुरुवातीला कोणी मोठ्या कौशल्याची अपेक्षा ठेवत नाही. या माणसावर काम सोपवले की पुन्हा विचारपूस करावी लागते का, हे मात्र सुपरवायझर आणि मालक पहिल्या दिवसापासून पारखत असतात. माझ्या मते या भरवशाचा पाया एकाच सवयीत आहे : अडचण दिसताच, दुसऱ्याने विचारण्याआधी, ती आपणहून सांगणे.

या सवयीची खरी कसोटी पाळी बदलताना लागते. घरी जाण्याच्या घाईत ‘सगळं ठीक आहे’ एवढेच सांगून निघालेल्या माणसामुळे पुढच्या पाळीचा पहिला तास शोधाशोधीत जातो. त्याऐवजी मशीनसमोर उभे राहून, शेवटचे चांगले नग कोणत्या सेटिंगवर निघाले, कोणते टूल घासत आले आहे, कोणता अलार्म वारंवार येतो आणि कोणता माल कशासाठी अडवून ठेवला आहे, हे पुढच्या ऑपरेटरला सांगावे व नोंदवहीतही लिहावे. आडतीवर काम करणाऱ्याने कोणाची किती पोती उतरली, काटा झाला का, पट्टी (विक्रीचा हिशेब) तयार झाली का आणि कोणी उचल घेतली, याची नोंद त्याच दिवशी पूर्ण करावी. कारण गावाकडून आलेल्या शेतकऱ्याला उद्या या असे सांगणे म्हणजे त्याची एका दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे बुडवणे होय.

नग बिघडले तर ते चांगल्या मालात मिसळू नयेत. ते लाल क्रेटमध्ये वेगळे ठेवावेत आणि केव्हापासून, किती नगांवर परिणाम झाला व आपण तूर्त काय केले, एवढे लगेच सांगावे. बोलणी बसतील, पण तोच माल ग्राहकाकडून परत आल्यावर होणाऱ्या चौकशीपेक्षा ती नक्कीच सोसण्याजोगी असतात. टार्गेट गाठण्यासाठी मशीनचे सुरक्षा-गार्ड किंवा सेन्सर बंद करण्याला मेहनत समजू नये. कोणी तसे सांगितले तरी स्पष्ट नकार द्यावा.

सुटीचा प्रश्न आपल्याकडे विशेष नाजूक आहे. मृगाचा पाऊस पडला की पेरणी, दिवाळीच्या आसपास सोयाबीनची काढणी, उन्हाळ्यात लग्नसराई, आणि विभागातील अनेकांना सुटी नेमकी त्याच दिवसांत हवी असते. शेती सोडता येत नाही हे खरेच आहे, म्हणून ती लपवू नये. पाऊस कधी येईल हे ठरलेले नसले तरी पेरणीसाठी चार दिवस लागतील हे आधीच सांगता येते, सहकाऱ्यांशी बोलून पाळ्यांची अदलाबदल ठरवता येते आणि ती सुपरवायझरकडून मंजूर करून घेता येते. अचानक अडचण आली तर पाळी सुरू होण्याआधी स्वतः फोन करावा, मित्राच्या हाती निरोप पाठवू नये.

‘हो साहेब, होऊन जाईल’ हे उत्तर आदरापोटी दिले जाते, पण काम झाले नाही की तेच उत्तर अंगाशी येते. हातातील काम सांगून ‘हे संध्याकाळपर्यंत होईल, ते उद्या दुपारी’ असे म्हणणे अधिक आदराचे आहे.

पुढे जायचे असेल तर आपल्या शेजारचे काम शिकावे : ऑपरेटरने ड्रॉइंग वाचणे आणि मायक्रोमीटर वापरणे, दुकानातील मदतनीसाने संगणकावरील हिशेब.

स्वतःच्या कागदपत्रांतही हीच काटेकोर वृत्ती हवी. नोकरी बदलली तरी न बदलणारा पीएफचा (भविष्य निर्वाह निधीचा) १२ अंकी यूएएन क्रमांक जपून ठेवावा, पगारपत्रकातील पीएफ कपात पासबुकात जमा होते का ते अधूनमधून पाहावे. नोकरी बदलताना नोटिशीचा काळ पूर्ण करून, चालू कामांची यादी लेखी सोपवूनच निघावे, आणि पीएफ काढून न घेता नव्या खात्यात वर्ग करावा. पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी ती रक्कम काढल्यास तिच्यावर कर लागू शकतो.