ट्रेन येतेय, पण मध्ये ‘टू’ नको

‘द ट्रेन इज अप्रोचिंग टू ठाणे’ असं सर्रास ऐकू येतं. तो ‘टू’ काढून टाका. ‘द ट्रेन इज अप्रोचिंग ठाणे’, बस्स. आपण ‘ठाण्याला पोहोचतेय’ म्हणतो ना, तो ‘ला’ गुपचूप इंग्रजीत शिरतो. ‘रीच’चंही तेच: ‘वी रीच्ड ठाणे’. ‘अराइव्ह’ला मात्र काहीतरी जोडावं लागतं, पण तेही ‘टू’ नव्हे. स्टेशन असेल तर ‘अ‍ॅट’, शहर असेल तर ‘इन’: ‘अराइव्ह्ड अ‍ॅट दादर स्टेशन’, ‘अराइव्ह्ड इन मुंबई’. गंमत म्हणजे ‘अप्रोच’ नाम म्हणून आलं की ‘टू’ हक्कानं परततो. ‘द अप्रोच टू द स्टेशन’ अगदी बरोबर. आणि लोकलच्या गर्दीत फोनवर एवढं सुचत नसेल, तर सरळ ‘ऑलमोस्ट अ‍ॅट ठाणे’ म्हणून मोकळे व्हा.