हरिहरच्या पायऱ्या आणि माझे लटपटणारे पाय

उंचीची भीती मला लहानपणापासून. पहिल्यांदा नाशिक जिल्ह्यातल्या हरिहर किल्ल्यावर गेले तेव्हा पायथ्याच्या निरगुडपाड्याहून वर पोहोचले, पण ती जवळजवळ ८० अंशांत उभी असलेली कातळातली वाट बघून दहाव्या पायरीवरच बसकण मारली. मागचे लोक खोळंबले. अक्षरशः रडत खाली आले.

मग लक्षात आलं, चढण्याची भीती नव्हतीच मुळी, उतरायचं कसं याची होती! घरी माळ्याच्या शिडीवर महिनाभर सराव केला: तोंड शिडीकडे, पाठ मोकळ्या बाजूला, दोन हात आणि एक पाय पक्के असल्याशिवाय दुसरा पाय हलवायचा नाही. आईला वाटलं, ही रोज माळा का आवरतेय?

दुसऱ्यांदा मुद्दाम मधल्या वारी, पहाटेच निघाले. शनिवार-रविवारची गर्दी तिथे खरंच धोक्याची, आणि पावसाळ्यात तर नकोच. पायऱ्यांना दोन्ही बाजूंना खोबण्या आहेत, बोटं अगदी आत रुततात. नजर फक्त पुढच्या खोबणीवर. दरवाजात पोहोचले तेव्हा तळवे घामाने चिकट, गुडघे थरथरत होतेच.

उतरताना तसंच, शिडीसारखं, उलटं. पायाने खालची पायरी चाचपत. माझ्यामागून एक काका सरळ तोंडाने उतरू बघत होते, त्यांनाही वळायला लावलं.